रिकामी यादी

आमचं घर मुकुंदवाडीच्या मागच्या अंगाला, विमानतळापासून इतकं जवळ की उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता यायची. त्यामुळे अम्मीला घड्याळाची गरज कधी वाटली नाही. सकाळचं विमान गेलं की ती डाळ चढवायची आणि संध्याकाळचं मुंबईचं विमान पत्रे हलवत डोक्यावरून गेलं की चहाचं आधण ठेवायची. विमानाला उशीर झाला तर चहालाही उशीर. अब्बा कुरकुरायचे, भिंतीवरच्या चालू घड्याळाकडे बोट दाखवायचे, पण अम्मी म्हणायची, घड्याळाला सेल लागतो, विमानाला लागत नाही. एकाच अंगणात दोन घरं होती. एकात आम्ही, समोरच्या दोन खोल्यांत बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. आयुष्यभर हिमरूच्या शाली विणून त्यांची नजर अधू झाली होती, पण कान शाबूत होते. बडी अम्मी मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्यांचं ताट आमच्याकडूनच जायचं. विमान आलं की ते खाटेवरूनच मान वर करायचे आणि ते पार उतरून आवाज बंद होईपर्यंत तशीच ठेवायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा, सलीमभाई, आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर होता. त्यामुळे त्यांच्या लेखी प्रत्येक विमान थोडंफार सलीमभाईंचंच असायचं.

घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळा मराठी. त्यामुळे मी विचार कुठल्या भाषेत करते हे मला आजही धड सांगता येत नाही. इथे मराठीतच लिहिते आहे. काही वाक्यं मात्र ज्या बोलीत बोलली गेली त्याच बोलीत माझ्या डोक्यात अडकून बसली आहेत, ती तशीच ठेवते.

अब्बा लोकांच्या घरांवर टीव्हीच्या छत्र्या बसवायचे. आमच्या जिन्याखाली केबलची भेंडोळी, गंजलेल्या छत्र्या, वाकलेले पाइप, स्क्रू भरलेले बिस्किटांचे डबे, सगळं गच्च भरलेलं असायचं, आणि मी त्यातच खेळून मोठी झाले. दहाव्या वर्षी मला केबल सोलून तिला टोपी, म्हणजे कनेक्टर, लावता यायची. अब्बांना त्याचं कौतुक होतं, अम्मीला काळजी. हाताला डाग देण्याच्या राळेचा वास येणारी मुलगी कोण करून नेणार, असं ती म्हणायची. मी अकरावीत असताना सलीमभाई सुटीवर आले आणि त्यांनी त्यांच्या कंपनीतला जुना लॅपटॉप मला दिला. त्याची दोन बटणं निखळलेली होती आणि बॅटरी अजिबात टिकत नव्हती, पण आमच्या गल्लीत मुलीचा स्वतःचा असा तो पहिलाच लॅपटॉप. त्यावर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर तारा-यंत्रांचे व्हिडिओ बघता बघता एक दिवस कळलं, की विमानं स्वतःच सतत ओरडून सांगत असतात. मी अमुक, माझी उंची इतकी, मी इथे आहे, इकडे चाललोय. आणि ते ऐकायला फार काही लागत नाही. टीव्ही बघण्यासाठी बनवलेलं पेनड्राइव्हएवढं एक रेडिओचं यंत्र मिळतं, ते लॅपटॉपला लावायचं, वर एक अँटेना, बाकीचं काम फुकटचं सॉफ्टवेअर करतं. अब्बांनी त्यांच्या सामानाबरोबर ते मागवून दिलं. आम्ही त्याला डोंगलच म्हणायचो.

अँटेना मी केली. केबलच्या आतली तांब्याची तार पाच तुकड्यांत कापली, अम्मीच्या शिवणाच्या पट्टीवर मोजून प्रत्येक तुकडा सात सेंटिमीटरला किंचित कमी. एक तुकडा उभा, चार खाली झुकलेले. जुन्या छत्रीच्या पाइपाच्या टोकाला ते बसवलं आणि पाइप गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला बांधला. डोंगल उन्हात इतकं तापायचं की हात लावता यायचा नाही, म्हणून ते स्टीलच्या डब्यात ठेवून मी वर ओलं फडकं टाकायची. पहिले दोन दिवस पडदा कोराच राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, खाली अम्मी मिरच्या भाजत होती आणि मी खोकत होते, तेव्हा एक ओळ उमटली. मग दुसरी. पस्तीस हजार फुटांवरून कोणीतरी हैदराबादकडे चाललं होतं. मी बाहेर येऊन वर बघितलं तर निळ्या आभाळात खरंच खडूने ओढल्यासारखी एक रेघ. मी रडले, हे आता सांगायला हरकत नाही.

मग काही महिने मी गल्लीत मोठी कोणीतरी होते. सलीमभाई पुढच्या ईदला आले तेव्हा मुंबईहून त्यांचं विमान निघाल्यापासून सगळं घर गच्चीवर. बडे अब्बांना दोघांनी धरून वर आणलं, त्यांच्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मी उंची वाचून दाखवायची आणि ते हात वर करून दुआ म्हणायचे. वीस हजार. पंधरा. दहा. विमान वेरूळच्या बाजूने खाली यायला लागलं तसं मी सांगितलं की आता निघा, आणि अब्बा विमानतळाच्या दारात पोहोचले त्याच मिनिटाला सलीमभाई बाहेर आले. त्या रात्री अम्मीने तहरीचा भात केला होता. जेवताना सलीमभाई सगळ्यांदेखत म्हणाले, आता मी कधीही आलो तरी मला सगळ्यांत आधी नस्सू बघणार. मी नसरीन, घरात नस्सू. माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने मटणाची बोटी वाढली.

गल्लीच्या पलीकडच्या घरात किसनमामा राहायचे. मूळचे सोयगावकडचे, बापाची मेंढरं होती, यांनी रिक्षा घेतली. विमानतळाच्या फेऱ्या मारायचे. रोज दुपारी खालून हाक यायची, "नसरीन, मुंबईचं इमान कुठवर आलं गं?" मी गच्चीवरून सांगायची, आणि ते नेमके तेवढ्या वेळेला रिक्षा काढायचे. एकदा मी सांगितलं की आज एकही विमान नाही. ते गेलेच नाहीत, आणि विमान धाडधाड डोक्यावरून गेलं. मी वर धावले तर डोंगल तापून बंद पडलं होतं. मामा रागावले नाहीत, उलट जिना चढून वर आले आणि ते सगळं समजावून घेतलं. मीच त्यांना शिकवलं. या वेळेला उंचावरून जाणारी पाच-सहा विमानं तरी यादीत असतातच. एखादं विमान एक मिनिट ऐकू आलं नाही की त्याचं नाव पुसलं जातं. एकच नाव गेलं तर ते विमान गेलं. पण सगळीच गेली तर विमानं नाही, आपलं यंत्र गेलं. मामांनी मान डोलावली. "म्हंजे यादी रिकामी म्हंजी आभाळ रिकामं नाय," ते म्हणाले. "लई ध्यानात ठेवण्यासारखं हाय." त्यांनी ते ध्यानात ठेवलं, हे मला पुढे कळलं.

एक माणूस मात्र माझ्यावर खूश नव्हता. मशिदीच्या कमिटीवरचे हाजीसाब. पोरगी दिवसभर गच्चीवर तारा घेऊन काय ऐकत असते, असं त्यांनी अब्बांना दोनदा विचारलं होतं. वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यासमोर अब्बांचा आवाज बारीक व्हायचा आणि ते मला सहन व्हायचं नाही. एक दिवस या माणसाने माझ्याकडे मान वर करून बघावं, अशी माझी फार इच्छा होती. ती पूर्ण झाली.

पुढचं लिहायला मी इतकी वर्षं लावली. सलीमभाई मागच्या हिवाळ्यात गेले, आणि त्यांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी ही वही उघडली. ज्याला सांगायचं तो ऐकायला नाही, अशी खात्री झाल्यावर मला धीर आला. ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण या प्रकरणात अभिमानाची गोष्ट शोधायला गेलं तर काहीच हाती लागणार नाही.

बारावीची परीक्षा संपली होती, मे महिना चालू होता. बडे अब्बा पहाटे फजरच्या अजानला उठले नाहीत. अम्मी चहा घेऊन गेली आणि कप तिथेच खाली ठेवून परत आली. सकाळी आठपर्यंत सलीमभाईंना कळलं, दहापर्यंत त्यांना तिकीट मिळालं. दुपारी मुंबई आणि मुंबईहून तेच नेहमीचं संध्याकाळचं विमान. फोनवर ते एकच सांगत होते, चाचा, मला अब्बांचं तोंड बघू द्या, मला मिट्टी देऊ द्या. आमच्यात कबरीत उतरवल्यावर प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो, आणि मुलाच्या तीन मुठी बाकी सगळ्यांच्या मुठींहून वेगळ्या असतात. पण मय्यतीला, गेलेल्या माणसाच्या देहाला, ताटकळत ठेवू नये हेही तितकंच पक्कं, आणि त्यात तो उन्हाळा. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या दोन तासांत वितळून अंगणभर पाणी झालं. गुस्लची अंघोळ झाली, कफन झालं, काफूर आणि अत्तराचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत भरून राहिला. सकाळच्या त्या चहानंतर चूल पेटली नव्हती. शेजारून डबे आले होते, ते तसेच झाकलेले. जाणत्यांनी ठरवलं, पाचनंतरच्या असरच्या नमाजनंतर जनाजा उचलायचा. विमान पावणेपाचला उतरतं, किसनमामा आधीच रिक्षा घेऊन दाराशी थांबतील, सव्वापाचला सलीम घरात. सगळं बसत होतं.

पावणेपाच झाले आणि अम्मीने सवयीने वर बघितलं. विमान आलं नव्हतं. मी गच्चीवरच होते. मुंबईहून ते उशिरा निघालं होतं, पाचच्या पुढे ते मला नाशिकच्या अलीकडे दिसलं. मी खाली ओरडून सांगितलं की येतंय. अंगणात बायका, गल्लीत पुरुष, सगळ्यांच्या माना वर झाल्या. असर झाली. तेवढ्यात वारं सुटलं, मे महिन्यात सुटतं तसं, धूळ आणि पाचोळा घेऊन, आणि समोरची दोन पातळं दोरीसकट उडाली. विमान वेरूळच्या वर येऊन गोल फिरायला लागलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. मी प्रत्येक फेरी सांगत होते. कोणाच्यातरी भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं की यात विमान अजून वेरूळच्या अलीकडेच दाखवतंय, तर मी वरून म्हटलं की मोबाइलवरचं शिळं असतं, माझं थेट आभाळातून येतं. आजही तो आवाज, माझाच, कानात आला की मी उठून पाणी प्यायला जाते.

चौथ्या फेरीला विमानाने नाक पश्चिमेकडे केलं, उंची थोडी वाढली, आणि ओळ थांबली. मी वाट बघितली. एक मिनिट झालं, नाव पुसलं गेलं. खाली हाजीसाब अंगणाच्या मधोमध आले होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. विमान उतरणार असेल तर थांबू, दिवस मावळून मगरिब व्हायला अजून वेळ आहे, मुलाचा हक्क आहे. पण परत मुंबईला गेलं असेल तर तो उद्या सकाळपर्यंत काही येत नाही, मग मय्यत रोखणं बरोबर नाही. यात काय चूक होतं? काहीच नाही. मग त्यांनी मान वर केली. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती, सतरा वर्षांच्या मुलीकडे, आणि ती सगळी मी काय म्हणते याची वाट बघत होती.

"नस्सू, क्या दिखरा?" अब्बांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. सलीमभाईंचं विमान नव्हतं, पण उंचावरची पाच-सहाही नव्हती. एकही नव्हतं. सकाळपासूनच्या धावपळीत डब्यावरचं फडकं ओलं करायचं राहून गेलं होतं, आणि मला ते पाहताक्षणीच कळलं. हे मी स्पष्ट लिहिते आहे, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मला कळलं नव्हतं. कळलं होतं. मला म्हणायचं होतं, थांबा, माझं यंत्र बंद पडलंय, पाच मिनिटं द्या. एवढं एक वाक्य. पण यंत्र बंद पडलंय असं म्हटलं की हाजीसाबांच्या चेहऱ्यावर काय येईल हे मला दिसत होतं. पोरीचं खेळणं, आणि त्याच्यावर आपण मय्यत अडवून धरली. शेवटी विमान पश्चिमेकडे वळलं होतं, तेवढं तर मी बघितलं होतं.

"पलट गया अब्बा. वापस बम्बई जारा."

"बेटी, पक्का?" हाजीसाबांनी विचारलं. त्यांनी मला बेटी म्हटलं ते पहिल्यांदा.

"हौ. पक्का."

अब्बांनी किसनमामांना फोन लावला. मामा म्हणत होते की विमानतळाच्या बोर्डावर उशीर लिहिलंय, तिथली माणसंही थांबा म्हणतायत. अब्बा म्हणाले, नाही, पोरीने बघितलं, परत गेलं. मामांनी पुढे काही विचारलं नाही. डोंगल तापलं त्या एका दिवसानंतर त्या पोरीचं कधी चुकलं नव्हतं. ते रिक्षा वळवून सरळ कब्रस्तानाकडे निघाले. मग बडे अब्बांना उचललं. बायकांचा एकदम जो आवाज उठला तो वर्णन करण्यासारखा नाही. कलमा म्हणत जनाजा गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, वळला, आणि अंगण रिकामं झालं. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, मी वरच राहिले.

मी डोंगल काढलं. बोटं भाजली. बादलीतलं पाणी डब्यावर ओतलं, थोडं थांबले, परत लावलं. ओळी भराभर उमटायला लागल्या, एक, तीन, आठ. सगळ्यांत खाली सलीमभाईंचं विमान होतं. दौलताबादच्या अलीकडे, चार हजार फूट, खाली खाली येत होतं.

फोन माझ्या हातात होता. अब्बांचा नंबर सगळ्यांत वर होता. जनाजा अजून मशिदीच्या मैदानात पोहोचत असेल, नमाज व्हायची होती. मी नंबर दाबला आणि घंटी जायच्या आत बंद केला. परत दाबला, परत बंद केला. मी शब्द जुळवत होते. अब्बा, चुकलं, असं म्हणायचं की अब्बा, ते परत फिरलं, असं म्हणायचं. दुसरं बरं वाटत होतं, त्यात माझी चूक नव्हती. मी असले शब्द निवडत असताना विमान आलं. वाऱ्यामुळे ते जरा तिरकं आलं, चाकं बाहेर काढलेली, खिडक्या स्पष्ट दिसत होत्या, आणि आमच्या घराचे पत्रे वाजले. खाली अम्मी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तिने वर बघितलं, मग गच्चीकडे बघितलं. मी मागे सरकले.

फोन पुढे थोड्या वेळाने अब्बांचाच आला. मागे माणसांचा गलका होता, फावड्याचा आवाज होता. अब्बा हळू आवाजात बोलत होते, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"नस्सू, थोडी देर पहिले एक जहाज गया सर पो से. अब्बी उतारे नइं उनकू. वोइच तो नइं?"

उतरवलं नव्हतं. अर्धा तास, फार तर पाऊण तास थांबायचं होतं, आणि सूर्य अजून वर होता. हाजीसाब स्वतः म्हणाले होते की थांबू. मला काहीही समजावून सांगायचं नव्हतं, फक्त हौ म्हणायचं होतं.

"नइं अब्बा," मी म्हटलं. "वो दुसरा है."

अब्बा म्हणाले, बरं. त्यांनी फोन ठेवला.

सलीमभाई साडेसहाला आले, अनोळखी रिक्षाने. बाहेर त्यांना घ्यायला कोणी नव्हतं, आणि फोनमधलं आखातातलं सिम इथे चालत नव्हतं. हातात एकच बॅग होती. गल्लीत माणसं कब्रस्तानातून परतत होती, पाय धूत होती, आणि मशिदीच्या भिंतीला जनाजा नेण्याचा डोला रिकामा टेकवून ठेवलेला होता. त्यांनी तो बघितला आणि बॅग खाली ठेवली. कोणी काही सांगायच्या आत त्यांना कळलं. अब्बांनी त्यांना धरलं आणि रडत सांगायला लागले, बेटा, तुझं विमान परत गेलं होतं, नस्सूने बघितलं, आम्ही फार वाट बघितली. सलीमभाई मान हलवत राहिले. हौ चाचा, ते म्हणाले, वळवलं होतं, वैमानिकाने सांगितलं होतं की वारं फार आहे. म्हणजे माझं खोटं त्यांनी स्वतःच खरं करून दिलं. मग दोघं कब्रस्तानात गेले. ताज्या कबरीवर सलीमभाईंनी तीन मुठी माती वरून टाकली. कोणीतरी म्हणालं चालतं, तेही चालतं. अब्बांनी घरी येऊन हे अम्मीला सांगितलं तेव्हा मी दाराआड होते. तिने मला कधीच काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून चहा ठेवायला लागली.

विचारलं ते किसनमामांनी. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन आले, त्यांच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं होतं. मी डबा घ्यायला पुढे झाले. डबा हातात देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"तवा यादीत दुसरी इमानं व्हती का गं?"

मी डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डबा सोडला, चपला घातल्या आणि गेले. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, निदान माझ्या कानावर तरी कधी आलं नाही. माझ्याशी नीट बोलायचे, माझ्या लग्नात तर त्यांनी स्वतः पाहुण्यांना रिक्षातून आणलं. पण दुपारची ती हाक बंद झाली. मुंबईचं विमान कुठवर आलं, हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे तिसऱ्याची दुआ झाली. कुराणखानीचं वाचन संपलं, लोक जेवून गेले, अंगणात जाजमं गुंडाळून ठेवली होती. मी गच्चीवर अँटेना सोडवत होते. पाना घट्ट बसलेल्या नटावरून सारखा सटकत होता. जिन्यावर पावलं वाजली आणि सलीमभाई वर आले. डोळे सुजलेले, तीन दिवसांची दाढी. लाल खुर्ची अजून तिथेच होती. त्यांनी ती हाताने पुसली आणि तिच्यावर बसले. ही काढू नकोस, ते म्हणाले, अब्बांना आवडायची. मी पाना खाली ठेवला. बराच वेळ ते पाइपाच्या टोकावरच्या त्या पाच तारांकडे बघत होते. मग सांगायला लागले. विमान गोल फिरत होतं तेव्हा शेजारचा माणूस घाबरला होता, त्याला त्यांनी सांगितलं की घाबरू नका, खाली माझी बहीण आपल्याला बघतेय. खिडकीतून त्यांना लेण्यांचा डोंगर दिसत होता, धूळ दिसत होती. उशीर होत होता, पण त्यांना काळजी वाटत नव्हती. नस्सू गच्चीवर असेल, तिला सगळं दिसत असेल, ती सगळ्यांना थांबवून ठेवील, असं ते स्वतःला सांगत होते. मग विमान खाली उतरायला लागलं तेव्हा त्यांनी आमचं घर शोधलं. सगळे पत्रे सारखेच दिसतात, सापडलं नाही.

"मैं दिखरा था ना तेरे कू?" त्यांनी विचारलं.

"हौ भाई," मी म्हटलं. "दिखरे थे."

ते उठले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मी तो ठेवू दिला.